स्कोअरशीटमध्ये चिल्लर कामंच वर येतायत? आधी ‘नाही केलं तर’चे मार्क बघा

फेब्रुवारी संपत आला की चाकण-भोसरीकडे कुठल्याही कंपनीत कॅपेक्सची (मशिनरी-दुरुस्तीसारख्या मोठ्या खर्चाच्या बजेटची) मारामारी सुरू होते आणि दरवर्षी कुणीतरी हीच तक्रार घेऊन येतं. एक्सेलमध्ये सगळे निकष टाकले, वेटेज कमिटीने बसून ठरवलं, फॉर्म्युले दोनदा तपासले, तरी सॉल्व्हर (बजेटात बसणारी सगळ्यात जास्त स्कोअरची यादी शोधणारं एक्सेलमधलंच टूल) जी यादी काढतो ती बघून प्लँट हेडचं डोकं फिरतं. चिल्लर कामं सगळी आत आणि ज्या एका मोठ्या कामासाठी वर्षभर बोंब चालली होती ते बाहेर. मग वेटेजशी खेळ सुरू होतो, बचतीचं ५० चं ६० करा, सेफ्टीचं थोडं खाली आणा, असं करत करत साहेबांच्या मनातली यादी येईपर्यंत आकडे पिळले जातात. कृपया हे करू नका. बहुतेक वेळा वेटेज ठीकच असतं, पाणी मुरत असतं ते शून्य कुठे धरलंय तिथे.

तुमची भानगड हीच आहे का, ते आधी बघा. यादीत लहान कामांची गर्दी असते. बजेट नेहमी जवळजवळ शेवटच्या रुपयापर्यंत संपतं, कधीच उरत नाही. एकाच कामाची दोन प्रपोजल करून टाकली की एकूण स्कोअर वाढतो (आणि हे डिपार्टमेंटवाल्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं, म्हणून ‘लाइटिंग फेज १’ आणि ‘लाइटिंग फेज २’ असली प्रपोजल येतात). आणि एखादं नवीन प्रपोजल आलं की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही त्या जुन्या दोन प्रपोजलांचा आपसातला क्रम बदलतो. यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी पुढे वाचा.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत म्हणजे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पण जमेल. बजेट १०० लाख. निकष तीन: वार्षिक बचत (वेटेज ५०), सेफ्टी (२०) आणि लाइन किती दिवस बंद ठेवावी लागेल (३०, कमी दिवस म्हणजे जास्त मार्क). बचतीत ० लाखाला ० आणि ४० लाखाला १०० मार्क. सेफ्टी ० ते ५ मध्ये, ५ ला १००. लाइन बंद १० दिवस तर ०, अजिबात बंद नाही तर १००. प्रपोजल पाच आहेत:

वेल्डिंग रोबोट: खर्च ६० लाख, बचत ४०, सेफ्टी ४, लाइन १० दिवस बंद. स्कोअर ५० + १६ + ० = ६६.
कॉम्प्रेसर बदलणे: खर्च ४०, बचत २०, सेफ्टी ०, २ दिवस बंद. स्कोअर २५ + ० + २४ = ४९.
एलईडी लाइट: खर्च २०, बचत ६, सेफ्टी १, लाइन चालूच. स्कोअर ७.५ + ४ + ३० = ४१.५.
शॉपफ्लोअरवर डिस्प्ले स्क्रीन: खर्च २०, बचत २, सेफ्टी १, लाइन चालूच. स्कोअर २.५ + ४ + ३० = ३६.५.
टू-व्हीलर पार्किंगची शेड: खर्च २०, बचत ०, सेफ्टी ०, लाइन चालूच. स्कोअर ० + ० + ३० = ३०.

सॉल्व्हर चालवा, तो सांगणार कॉम्प्रेसर, एलईडी, स्क्रीन आणि शेड घ्या, बेरीज १५७. रोबोट आणि कॉम्प्रेसर ही जोडी घेतली तर फक्त ११५. दर लाखामागे स्कोअर काढायची सवय असेल तर अजूनच मजा आहे, शेडला १.५ आणि रोबोटला १.१, म्हणजे शेड रोबोटच्या वर! आता नुसती बचत बघा, सॉल्व्हरच्या यादीत वर्षाला २८ लाख आणि त्या ‘हरलेल्या’ जोडीत ६० लाख. ज्या निकषाला आपणच निम्मं वेटेज दिलं त्याच्यात निम्म्याहून कमी मिळवणारी यादी पहिली येते. साहेब ओरडणार नाहीत तर काय.

शेडच्या ३० कडे नीट बघा. शेडने बचत केली नाही, सेफ्टी वाढवली नाही, तरी ३० मिळाले कशाचे? तर लाइन बंद पाडली नाही याचे. अहो पण शेड केली नसती तरी लाइन बंद पडली नसतीच की! म्हणजे काहीच न करण्याचा स्कोअरसुद्धा याच मोजपट्टीने ३० येतो. पण शीटमध्ये जे प्रपोजल निवडलं नाही त्याच्यापुढे ० धरलाय, कारण सॉल्व्हरच्या खान्यात ० किंवा १ असतं आणि ० ला गुणलं की ०. पेपरवर नुसतं नाव लिहिलं म्हणून ३० मार्क द्यावेत तसं प्रत्येक प्रपोजलला यादीत शिरल्याशिरल्या ३० फुकट मिळतात. चार चिल्लर कामं घेतली की १२० फुकट, दोन मोठी घेतली की ६०. लहान कामं जिंकणारच.

दुसऱ्या शब्दात सांगायचं तर न निवडलेल्या प्रपोजलला ० देणं म्हणजे ‘हे काम न करणं हे प्रत्येक निकषावरच्या सगळ्यात वाईट कामाइतकंच वाईट आहे’ असं गृहीत धरणं. कमिटीत हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, कुणीही मान्य करणार नाही, पण शीटमध्ये ते गुपचूप लिहिलेलं असतं. हा काही आपल्याकडचाच शोध नाही. २००९ साली रॉबर्ट क्लेमन आणि जेम्स स्मिथ या दोघांनी ‘डिसिजन अ‍ॅनालिसिस’ नावाच्या जर्नलमध्ये नेमक्या याच गोष्टीवर सावध करणारा पेपर लिहिला होता, तरी त्यानंतर इतक्या वर्षांनी पण कंपन्यांमधून फिरणाऱ्या टेम्प्लेटमध्ये तोच ० बसलेला दिसतो, कारण टेम्प्लेट कोण तपासतं, सगळे नुसतं सेव्ह अ‍ॅज करतात.

दुरुस्ती करायच्या आधी एक साधी चाचणी करा. शीटमध्ये ‘काहीच नाही’ नावाचं एक खोटं प्रपोजल टाका, खर्च ०, बचत ०, सगळं आहे तसं. स्कोअर ० आला तर तुमचा शून्य बरोबर जागी आहे, समस्या दुसरीकडे शोधा. ० च्या वर काहीही आलं तर तेवढे मार्क प्रत्येकाला फुकट जातायत. दुसरी चाचणी म्हणजे एलईडीचे दोन तुकडे करा, प्रत्येकी १० लाख खर्च, ३ लाख बचत, सेफ्टी अर्धी. प्रत्येक तुकड्याला ३५.७५, दोन्ही मिळून ७१.५, आणि अख्ख्या कामाला ४१.५ होते. काम तेच, दिवे तेवढेच, मार्क ३० ने जास्त. हे साहेबांना दाखवा, लेक्चर द्यायची गरज पडत नाही.

दुरुस्ती म्हटलं तर एका ओळीची आहे. प्रत्येक प्रपोजलच्या स्कोअरमधून ‘नाही केलं तर’चा स्कोअर (यालाच बेसलाइन म्हणतात) वजा करायचा. आपल्या उदाहरणात ३० वजा केले की रोबोट ३६, कॉम्प्रेसर १९, एलईडी ११.५, स्क्रीन ६.५ आणि शेड ०. आता रोबोट + कॉम्प्रेसर ५५ ने पहिले, रोबोट + एलईडी + स्क्रीन ५४, आणि आधीची विजेती यादी ३७ वर. एलईडीचे तुकडे केले तरी ५.७५ आणि ५.७५, बेरीज ११.५ च. फेज १, फेज २ वाल्यांचा धंदा बंद. (इथे दर लाखामागे स्कोअर लावून वरून खाली निवडत गेलात तर रोबोट, एलईडी, मग कॉम्प्रेसर मावत नाही म्हणून स्क्रीन, आणि ५४ वर अडकता. म्हणून बजेट घट्ट असेल तर सॉल्व्हरच वापरा.)

एक गोष्ट लगेच विचारली जाते: सगळ्यांमधून सारखेच ३० वजा केले तर क्रम बदलेल कसा? एकेकट्या प्रपोजलांचा क्रम नाहीच बदलत, बरोबर आहे. आणि ‘यंदा नेमकी ५ प्रपोजल निवडायची’ असा नियम असेल तर बेसलाइनने शष्प फरक पडत नाही, सगळ्याच याद्यांमधून १५० जातील. फरक पडतो तो यादीत किती कामं हे मोकळं असतं आणि वरून फक्त पैशाची मर्यादा असते तेव्हा. कॅपेक्समध्ये जवळजवळ नेहमी तसंच असतं.

इथपर्यंत सोपं होतं. खरा वेळ जातो तो प्रत्येक कामाची ‘नाही केलं तर’ अवस्था ठरवण्यात, आणि इथे मेंटेनन्सच्या माणसाला समोर बसवल्याशिवाय पुढे जाऊच नका. कारण काहीच नाही केलं म्हणजे सगळं आहे तसं राहील हे फक्त ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं. समजा जुना मेन एलटी पॅनेल (सगळ्या प्लँटला वीज वाटणारा) बदलायचं प्रपोजल आहे, त्यासाठी ३ दिवस सगळं बंद ठेवावं लागेल, म्हणजे त्या निकषावर ७० मार्क, वेटेज लावून २१. सरसकट ३० वजा केले की उणे ९. अकाउंट्सच्या मॅडम लगेच म्हणणार, ‘हे तर मायनसमध्ये आहे, काढून टाकू का?’ आणि तेवढ्यात मेंटेनन्सचे काका कोपऱ्यातून म्हणतात, ‘मॅडम, काढा की. पण मग पॅनेल स्वतःहून उडेल ना, तेव्हा तीन दिवसांत नाही आटपायचं, पार्ट यायलाच चार दिवस जातात.’ म्हणजे नाही बदललं तर वर्षभरात अंदाजे ६ दिवस बंद, तेही ठरवून नाही तर नेमकी डिस्पॅच तोंडावर असताना. ६ दिवसांना ४० मार्क, वेटेज लावून १२. म्हणजे या पॅनेलची बेसलाइन ३० नाही, १२ आहे, आणि २१ वजा १२ म्हणजे अधिक ९. सेफ्टी तर अजून धरलीच नाही. सगळ्यांना एकच बेसलाइन लावणं ही पहिल्यापेक्षा लहान पण त्याच जातीची चूक आहे. जिथे न करण्याने परिस्थिती बिघडते तिथे बेसलाइन वेगळी काढा. शेडचे जुने पत्रे, गळणारं वॉटरप्रूफिंग, संपत आलेला सॉफ्टवेअर सपोर्ट, सगळं यातच आलं. सोसायटीच्या एजीएममध्ये पण हेच होतं बघा, लिफ्ट बदलणं आणि बाग करणं एकाच कागदावर मांडतात आणि लिफ्ट ‘अजून चालतीये की’ म्हणून मागे पडते.

प्रत्येक निकषासाठी विचारायचा प्रश्न साधा ठेवा: हे प्रपोजल आज नाकारलं तर पुढच्या मार्चला या निकषावर आपण कुठे असू? वर्ष ठरवून विचारा, नाहीतर एकजण पुढच्या महिन्याचं बोलतो आणि दुसरा पाच वर्षांचं. आणि उत्तर दिवसांत, लाखांत, अपघातांच्या संख्येत मागा, मार्कांत मागू नका, मार्क नंतर तुम्ही काढा. लाइन बंदचे दिवस मोजताना गुरुवार वगळायला विसरू नका, आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी, त्या दिवशी उरकणारं काम ‘बंद’ मध्ये धरलं तर बिचाऱ्या कामाचे उगाच मार्क जातात. दिवाळीच्या शटडाऊनचं पण तेच.

काही निकष असे असतात की दिवस-लाखात काही सांगता येत नाही, ब्रँड इमेज, लोकांचं समाधान वगैरे. तिथे उलट्या बाजूने जा. कमिटीला विचारा, कुठलं प्रपोजल असं आहे की पूर्ण फुकट करून देतो म्हटलं तरी ‘करू का नको’ असं होईल? ज्याच्यावर लोक डोकं खाजवतात त्याचा स्कोअर म्हणजे साधारण तुमची बेसलाइन. आपल्या उदाहरणात शेडचा स्कोअर नेमका ३० आहे, म्हणजे या तीन निकषांनुसार शेड फुकट मिळाली तरी फरक पडू नये. पण कमिटी एकमुखाने म्हणाली की ‘फुकट असेल तर शेड करायचीच, पावसाळ्यात पोरांच्या गाड्या भिजतात, युनियन दरवेळी तेच काढते’, तर ३० चा आकडा खाली ओढायच्या आधी थांबा. तो आकडा चुकला नाहीये, तुमचा एक निकष राहिलाय. कामगारांची सोय हा निकष टाका, शेडला त्याचे रीतसर मार्क द्या आणि मग ती रोबोटशी भांडू दे. फुकटच्या ३० वर जिंकण्यापेक्षा हे बरं.

बेसलाइनवर एकमत होतच नसेल तर एका आकड्यावर हट्ट धरू नका, रेंज चालवा. आपल्याच पाच प्रपोजलांत बेसलाइन १३ च्या खाली असेल तरच ती शेडवाली यादी जिंकते. १३ ते २९ मध्ये रोबोट + एलईडी + स्क्रीन, आणि २९ च्या वर रोबोट + कॉम्प्रेसर. म्हणजे १३ च्या वर काहीही धरा, रोबोट आतच आहे आणि शेड बाहेरच, त्या दोघांवर वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही. चर्चा उरते ती ‘कॉम्प्रेसर का एलईडी-स्क्रीन’ एवढीच, आणि तिथे ५५ आणि ५४ चा फरक आहे हे प्रामाणिकपणे सांगून साहेबांना ठरवू द्या. फिनलंडच्या यूसो लिएसिओ आणि आन्टी पुंका यांचं २०१४ मधलं काम साधारण याच वळणाचं आहे, बेसलाइन नक्की माहीत नसताना कुठली प्रपोजल तरीही ठाम निवडता येतात ते शोधणं. एक्सेलमध्ये बेसलाइनचा एक वेगळा सेल करा आणि २०, ३०, ४० टाकून तीनदा सॉल्व्हर चालवा, बहुतेक कंपन्यांना तेवढं पुरतं.

अजून काही ठिकाणी हाच शून्य लपलेला असतो. १ ते ५ ची रेटिंग पट्टी हे सगळ्यात कॉमन. तिच्यात ० देताच येत नाही, सगळीकडे १ मिळवणाऱ्या निरुपयोगी प्रपोजललाही १०० पैकी २० पडतात, आणि निवडलं नाही की ०. पट्टी ० ते ४ करा आणि ० म्हणजे ‘नाही केलं तर जे होईल ते’ असं लिहूनच टाका, त्याहून वाईट असेल तर उणे मार्क चालतील असंही लिहा, लोक उणे द्यायला लाजतात.

दुसरं म्हणजे आलेल्या प्रपोजलांमधलं सगळ्यात कमी ते ० आणि सगळ्यात जास्त ते १०० असं आपोआप करणारा फॉर्म्युला. उद्या कुणी २० दिवस लाइन बंद ठेवणारं प्रपोजल आणलं की रोबोटचे ० चे ५० होतात, रोबोटने काहीही न करता. शिवाय ३० हे वेटेज ० ते १० दिवसांच्या फरकासाठी ठरवलं होतं, ते आता ० ते २० ला लागतं, म्हणजे वेटेजचा अर्थच बदलला. आणि बचतीत हे उलट पण बसतं. सगळ्यात कमी बचतीचं प्रपोजल १० लाखांचं असेल आणि त्यालाच ० धरलं तर वर्षाला १० लाख वाचवणारं काम आणि काहीच न करणं शीटच्या दृष्टीने सारखं. तेव्हा चूक नेहमी लहान कामांच्याच बाजूने जाते असं समजू नका. पट्टीची दोन्ही टोकं प्रपोजल उघडायच्या आधी ठरवून गोठवा.

तिसरं, ‘कमी खर्च’ हा निकष. बजेटची मर्यादा वेगळी लावलेली असताना खर्चाला पुन्हा मार्क कशाला? न केलेल्या कामाचा खर्च ०, म्हणजे या निकषावर न करणं सगळ्यात भारी, आणि शीटमध्ये त्याचे मार्क ०. निकषच काढून टाका.

एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीत, अट आहे म्हणून करावं लागणारं ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं) काम असेल तर त्याची बेसलाइन काढत बसू नका, न करणं हा पर्यायच नाही. ते वेगळं काढा, बजेटमधून तेवढे पैसे आधी वजा करा आणि उरलेल्यावर शीट चालवा. सीएसआरमध्ये थोडं वेगळं आहे. ज्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होतं त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायचीच असते, म्हणून तिथे ‘पैसे उरले’ हा प्रश्न नको असतो. पण किती प्रपोजलांना पैसे द्यायचे हे तिथेही मोकळंच असतं, त्यामुळे फुकटचे मार्क तिथेही बसतात, आणि मग दप्तरं वाटप, वह्या वाटप, रोपं वाटप अशी वीस कामं येतात आणि एखाद्या शाळेचं स्वच्छतागृह मागे राहतं. दुरुस्ती तीच.

हे सगळं करूनही यादी विचित्र येत असेल तर एक शेवटची जागा तपासा: दोन कामं एकमेकांची बचत खातायत का? कॉम्प्रेसर बदलणे आणि हवेची गळती बंद करणे दोन्ही त्याच वीजबिलातून बचत दाखवतात, एकाची बेसलाइन दुसऱ्यावर अवलंबून असते, नुसती बेरीज चालत नाही. अशी जोडी असेल तर ‘फक्त हे’, ‘फक्त ते’ आणि ‘दोन्ही’ अशी तीन प्रपोजल करा आणि सॉल्व्हरला त्यातलं जास्तीत जास्त एकच घ्यायची अट घाला.

आणि दुरुस्त केलेल्या शीटमध्ये कधीकधी बजेट उरतं, कारण आता शून्याखालचं काम सॉल्व्हर उचलत नाही. अकाउंट्समधून फोन येईल की पैसे का शिल्लक आहेत, फॉर्म्युला तुटलाय का. तुटलेला नाही. फक्त ते पैसे मार्चआधी कुठेतरी घालवायचे म्हणून कुणी शीटमध्ये पुन्हा तो जुना ० बसवत नाहीये ना, तेवढं बघा, बेसलाइनचा सेल पासवर्ड लावून लॉक करा आणि पासवर्ड प्रपोजल देणाऱ्या कुठल्याही डिपार्टमेंटकडे देऊ नका.